नऊ खोऱ्यांचा देश आखतोय: दोन पंथ एका संघात कसे आले असतील?

शंकुसाखळी:

नमस्कार मंडळी. जमीन मोजणीच्या कामात बत्तीस वर्षं काढली, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आयुष्यभर दुसऱ्यांचे बांध मोजले, आता एक अख्खा देश स्वतः आखतोय. नाव ‘नवखोरे’. देश काल्पनिक आहे, कादंबरीसाठी. पण त्याचं काम मी खऱ्या गावनकाशासारखंच करतोय. ड्रॉइंग शीटवर प्रमाण धरलंय, डोंगरधारा, ओढे, पायवाटा, बाजाराची गावं सगळं दाखवलंय. दोनशे पानी तीन वह्या भरल्या आहेत.

थोडक्यात सांगतो. वाकणी नावाची एक नदी आणि तिला मिळणाऱ्या उपनद्यांची नऊ खोरी. प्रत्येक खोरं म्हणजे एक राज्य, हद्द डोंगरधारेवरून. माणसं दोन पंथांची: दिवेकरी आणि झरेकरी. मूळ देव एकच. तीनशे वर्षांपूर्वी एका देवळात वाद झाला. देवापुढचा दिवा झऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवायचा की नाही, एवढाच. दिवेकऱ्यांच्या घरात दिवा विझू द्यायचा नसतो. झरेकरी उगमाशी पूजा करतात आणि तिथे आग नेत नाहीत. वरची पाच खोरी झरेकऱ्यांची, खालची चार दिवेकऱ्यांची. पुढे बाहेरून शत्रू आला, नऊ खोऱ्यांचे प्रमुख एकत्र बसले, करार झाला आणि संघ तयार झाला. संघसभेत प्रत्येक खोऱ्याचे तीन प्रतिनिधी, वर नऊ जणांचं मंत्रिमंडळ, त्यावर अध्यक्ष. चाळीस कलमांचं संविधानही लिहून ठेवलंय.

माझी भाची शाळेत इतिहास शिकवते. तिला तिन्ही वह्या वाचायला दिल्या. तिनं आठवडाभर ठेवल्या, मनापासून वाचल्या आणि परत देताना म्हणाली, “मामा, नकाशा फार सुंदर आहे, पण या देशात कुणी राहत नाही.”

त्या वाक्यानं झोप उडाली. तिचं बरोबर आहे हे कळतंय, चुकतंय कुठे ते कळत नाही. संविधान मी तिसऱ्यांदा लिहितोय, कलमं सुधारतायत, देश मात्र जिवंत होत नाही.

तुमच्यात इतिहास वाचणारे, परदेशात राहणारे बरेच आहेत, म्हणून विचारतो. वेगवेगळ्या पंथांची राज्यं खरोखर एकत्र आली तेव्हा ती कशी आली? एकत्र राहिली ती कशाच्या जोरावर? राजकारणाच्या पुस्तकात मिळतं ते नको. माणसांच्या रोजच्या जगण्यात संघ कुठे दिसतो, ते हवंय.

मोडीवाचक:

साहेब, संविधान बाजूला ठेवा आणि आधी जमाखर्चाची वही लिहा. पैसा कोण गोळा करतं आणि कोणाच्या नावे पडतो, हे ठरलं की अर्धा देश उभा राहतो.

आपलंच उदाहरण घ्या. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा, ती छत्रपतींची. चौथाईचे पुन्हा वाटे. त्यातला पाव हिस्सा राजबाबती म्हणून छत्रपतींचा, शेकडा सहा साहोत्रा पंतसचिवांचा, शेकडा तीन नाडगौडा छत्रपती देतील त्याचा, उरलेले छासष्ट मोकासा म्हणून सरदारांना. यातली खरी मेख अशी की एकाच परगण्यात अनेकांचे हिस्से असत. एका सरदाराचं सगळं उत्पन्न एका जागी सलग नसे. दुसऱ्याच्या मुलखात आपला वाटा असल्यामुळे सगळ्यांचे हिशेब एकमेकांत अडकलेले राहायचे. नकाशावर तुम्ही नऊ खोरी नऊ रंगांनी रंगवली असतील. तसं करू नका. वरच्या खोऱ्याचा मिठावरचा हक्क खालच्या खोऱ्याच्या बाजारात ठेवा.

आणि हे मोडलं कसं, तेही बघा. २५ ऑक्टोबर १८०२ ला पुण्याजवळ हडपसरला होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. ३१ डिसेंबरला पेशव्यांनी वसईला इंग्रजांशी तह केला. दोन महिने सहा दिवस! घरातला तंटा सोडवायला सगळ्यांनी मानलेली एक बैठक नव्हती, म्हणून तो बाहेरच्याच्या दारात गेला. माझ्या मते तुमच्या संघसभेचं मूळ इथे शोधा. प्रतिनिधी तीन की चार हा प्रश्न नंतरचा.

इचलकरंजीची_लेक:

काका, तुमचा धागा काल रात्री वाचला आणि आज कामावर दिवसभर त्याचाच विचार करत होते. मी चौदा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये राहते, हेरिझाउ नावाच्या गावात. वृद्धांच्या निवासात काम करते. आमचं राज्य, म्हणजे इथल्या भाषेत कँटन, त्याचं नाव अपेनझेल आउसररोडन. शेजारचं अपेनझेल इनररोडन. एक बाहेरचं, एक आतलं. पूर्वी हे एकच अपेनझेल होतं. १५९७ मध्ये पंथाच्या वादावरून त्याचे दोन भाग केले. आतले कॅथलिक राहिले, बाहेरचे सुधारक, म्हणजे प्रोटेस्टंट, पंथाचे झाले. तुमचे दिवेकरी-झरेकरी वाचताना मला माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकड्याच आठवल्या.

आधी तुमच्या हद्दीबद्दल. तुमची प्रत्येक हद्द डोंगरधारेवरून जाते, आणि मला वाटतं देश तिथेच निर्जीव होतो. इथे वोनेनश्टाइन नावाचा जोगिणींचा मठ आहे. मठाची वास्तू इनररोडनची, भोवतालची जमीन आउसररोडनची. ओबरएग हे गाव इनररोडनचं, पण बाकीच्या इनररोडनपासून तुटून आउसररोडनच्या पलीकडे पडलंय. त्या भागात तर बराच काळ जमिनीवर हद्दच नव्हती. घर कुठल्या पंथाच्या माणसाचं, त्यावर ते कुठल्या राज्याचं हे ठरायचं. तुम्ही मोजणी केली आहे, तेव्हा अशा गावात साखळी टाकायला गेलेल्या माणसाची काय गत होत असेल, ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल.

मग पंचांग. पोपनं कॅलेंडर सुधारलं आणि १५८४ पासून कॅथलिक कँटनांनी ते घेतलं. सुधारक पंथवाल्यांनी नाकारलं. पोपचा सूर्य आम्हाला नको, असा सगळा आवेश. झुरिक, बर्न वगैरेंनी १७०१ मध्ये घेतलं, आमच्या आउसररोडननं १७९८ पर्यंत घेतलं नाही. दोनशे वर्षं शेजारच्या दोन गावांत तारीख वेगळी! आपल्याकडे टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत काही वर्षी गणपती महिनाभर पुढेमागे येतो. तेव्हा एकाच वाडीत एका घरी आरती आणि शेजारी काहीच नाही, असं होतं ना, तसंच समजा. फक्त इथे बाजाराचा दिवस आणि कोर्टाची तारीखसुद्धा त्यात सापडायची.

त्याची खूण आजही जिवंत आहे. १३ जानेवारीला, म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या वर्षअखेरीला, उर्नेश गावात पहाटेच्या अंधारात माणसं टोळीनं निघतात. छातीवर आणि पाठीवर भल्यामोठ्या घंटा, तोंडावर मुखवटा, डोक्यावर ताटाएवढी शिरोभूषणं, त्यावर लाकडात कोरलेली माणसं, गाईगुरं, घरं. दुसऱ्या काही टोळ्या नुसत्या पेंढ्यानं आणि देवदाराच्या फांद्यांनी मढलेल्या. दारासमोर येऊन घंटा वाजवतात, मग थांबून शब्दांशिवाय गातात, तीन-चार आवाज एकात एक मिसळलेले. घरमालक त्यांना वाइन देतो. मुखवटा काढायचा नसतो म्हणून ती नळीनं प्यायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बर्फात उभी होते, पायांची बोटं बधिर झाली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. एका नाकारलेल्या तारखेला माणसं इतकं जपतात, हे तोपर्यंत माहीत नव्हतं. तुमच्या वहीत दोन पंचांगं घाला, काका. कुठलंही संविधान लिहिण्याआधी.

शेजारधर्म आणि शेजारवैर दोन्ही घाला. गुड फ्रायडे हा सुधारक पंथीयांचा सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी कॅथलिक शेतकरी मुद्दाम शेतात शेणाचं पातळ खत पसरायचे, वास शेजाऱ्याच्या प्रार्थनेत जावा म्हणून. जूनच्या सुमारास कॅथलिकांची मिरवणूक असली की सुधारक त्याचं उट्टं काढायचे. आमच्या निवासातल्या नव्वदीच्या एका आजींनी हे मला त्यांच्या लहानपणची आठवण म्हणून सांगितलं. सांगताना त्या हसल्या नाहीत. त्यांच्या बहिणीनं दुसऱ्या पंथातल्या मुलाशी लग्न केलं, तर वडील लग्नाला गेले नव्हते.

आणि तरीही एकत्र राहण्याच्या जागा होत्याच. ग्लारुस कँटनमध्ये मुख्य गावातलं एकच चर्च दोन्ही पंथ पाळीपाळीनं वापरायचे, आणि हे विसाव्या शतकापर्यंत चाललं. १६२३ पासून तिथे दोन पंथांच्या दोन वेगळ्या गावसभा आणि शिवाय एक समाईक, अशी व्यवस्था होती. मला ती फार शहाणपणाची वाटते. जे एकत्र ठरवता येत नाही ते वेगळं ठरवा, पण वर्षातून एकदा सगळे एका मैदानात या. अशी सभा ग्लारुस आणि इनररोडनमध्ये आजही भरते. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी इनररोडनची पाहिली आहे, दोराच्या बाहेर उभं राहून. पुरुषांच्या कमरेला वंशपरंपरेची तलवार, तीच त्यांची मतपत्रिका. बायकांच्या हातात कार्ड. मत म्हणजे वर केलेला हात, आणि बहुमत नजरेनं ठरतं. पण त्याच मैदानात बायकांना मत मिळालं ते १९९० मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिल्यावर. राज्यांना स्वातंत्र्य दिलं की अन्यायालाही तेवढं स्वातंत्र्य मिळतं. ही गोष्ट तुमच्या देशातून वगळू नका.

आता मूळ प्रश्न, संघ कसा झाला. बाहेरून शत्रू आला म्हणून सगळे एक झाले, हे मला खरं वाटत नाही. इथे फ्रान्सच्या फौजा १७९८ मध्ये आल्या, एककेंद्री राज्य लादलं, आणि ते पाच वर्षंही धड टिकलं नाही. आजचा संघ घरातल्या युद्धातून झाला. १८४५ मध्ये सात कॅथलिक कँटनांनी आपला वेगळा संघ, झोंडरबुंड, केला. नोव्हेंबर १८४७ मध्ये युद्ध झालं आणि एका महिन्याच्या आत संपलं. सुमारे शंभर माणसं मेली. यादवी युद्धात फक्त शंभर! आमचं शेजारचं इनररोडन त्यात तटस्थ राहिलं, तर नंतर त्याच्याकडून दंड वसूल केला.

इतकी कमी माणसं का मेली, ते तुम्हाला सांगायचं म्हणून खरं तर हा एवढा प्रतिसाद लिहायला बसले. सरकारी फौजेचा सेनापती होता गियोम-आंरी द्युफूर, तेव्हा साठ वर्षांचा. जखमी शत्रूची शुश्रूषा करा, निःशस्त्राला हात लावू नका, असं त्यानं सैनिकांना बजावलं होतं. पुढे १८६३ मध्ये रेडक्रॉसची सुरुवात करणाऱ्या पाच जणांत तो होता. आणि काका, तो मोजणीवाला होता. या देशाचा पहिला नेमका नकाशा त्यानं करवून घेतला, १:१००००० प्रमाणाचा. पंचवीस शीटचा तो नकाशा १८४५ ते १८६५ या काळात छापला गेला. म्हणजे युद्ध झालं तेव्हा तो नकाशा अर्धवट होता. ज्या खोऱ्यांवर चालून जायचं होतं, ती त्यानं आधी मोजायला घेतली होती. इथल्या सर्वांत उंच शिखराला त्याचं नाव आहे.

१८४८ चं संविधान त्यानंतरचं. सात जणांचं मंत्रिमंडळ, अध्यक्षपद दर वर्षी त्यांच्यातच फिरतं, आणि अध्यक्ष बाकी सहांच्या वर नसतो. तुमच्या नऊ मंत्र्यांवरचा तो अध्यक्ष काढून टाका, असं मी सुचवीन. कॅथलिकांतल्या जेसुइट पाद्र्यांवर बंदी घालणारं कलमही त्यात होतं. ते १९७३ मध्ये जनमतानं गेलं. जिंकणाऱ्यांचा राग एका कलमात सव्वाशे वर्षं बसून होता. तुमच्या चाळीस कलमांत असं रागाचं एक तरी आहे का?

पेनांगकर:

ताईंचा प्रतिसाद जपून ठेवला. माझी भर छोटीच. मी मलेशियात असतो. तेरा राज्यं, त्यातल्या नऊ राज्यांना स्वतःचे वंशपरंपरागत राजे. हे नऊ जण दर पाच वर्षांनी आपल्यातून एकाला देशाचा राजा निवडतात, गुप्त मतदानानं. १९५७ पासून हे चालू आहे. इस्लामचा प्रमुख त्या त्या राज्याचा सुलतान. पण आमच्या पेनांगला सुलतान नाही, गव्हर्नर आहे, म्हणून इथे तो मान देशाच्या राजाकडे जातो.

रोजच्या जगण्यात संघ कुठे दिसतो, असं तुम्ही विचारलंय. मला तो सारावाक राज्यातल्या कुचिंगच्या विमानतळावर दिसला. सारावाक आणि सबाह १९६३ मध्ये संघात आले ते स्वतःच्या अटींवर, त्यात कोणाला आत घ्यायचं हा अधिकारही राखून ठेवला. म्हणून देशातल्या देशात विमानानं गेलं तरी उतरल्यावर पुन्हा इमिग्रेशनची खिडकी. माझ्यापुढे क्वालालंपूरचा एक तरुण होता, याच देशाचा नागरिक, आणि तोसुद्धा ओळखपत्र काढून मुकाट रांगेत उभा. तुमच्या खोऱ्यांपैकी एखादं उशिरा आलेलं आणि अटी घालून आलेलं असू द्या.

सीमेवरचा:

मी बेळगावचा, म्हणून एका मुद्द्यावर राहवलं नाही. हद्द ठरवताना घटक कुठला धरायचा, जिल्हा, तालुका की गाव? महाराष्ट्राची मागणी पहिल्यापासून खेडं हा घटक धरा अशी आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. आमच्या घरात तिसरी पिढी या प्रश्नाबरोबर मोठी होतेय. तुमच्या देशात हा प्रश्न कुणाला तरी पडायलाच हवा.

इचलकरंजीची_लेक:

सीमेवरचा, इथलं एक उदाहरण तुमच्यासाठी. ज्यूराचा फ्रेंच भाषक भाग १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या बैठकीत जर्मन भाषक बर्नला जोडला गेला. सत्तरच्या दशकात तिथे टप्प्याटप्प्यानं मतदान झालं, शेवटी हद्दीवरच्या गावांनाही एकेकट्यानं विचारलं. कॅथलिक उत्तर भाग वेगळा होऊन १९७९ मध्ये नवा कँटन झाला. भाषा तीच असूनही सुधारक पंथाचा दक्षिण भाग बर्नमध्येच राहिला. मूतिए हे गाव मधोमध अडकलं. त्यानं २०२१ मध्ये ज्यूराच्या बाजूनं कौल दिला आणि १ जानेवारी २०२६ ला ते ज्यूरात गेलं. एका गावासाठी इतकी वर्षं लागली, पण गावालाच विचारलं.

शंकुसाखळी:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वहीला हात लावला नव्हता, काल रात्री बसलो. चाळीस कलमं फाडली नाहीत, पण कपाटात ठेवली. नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर एकाच गावाचा नकाशा काढला, कुंडवाडी. झऱ्याचा उगम धारेच्या वर, झरेकऱ्यांच्या खोऱ्यात. देऊळ धारेच्या खाली, दिवेकऱ्यांच्या. पाणी एकाचं, गाभारा दुसऱ्याचा. मोडीवाचक, देवळाच्या दक्षिणेचे वाटे तुम्ही सांगितलेत तसे सहा जणांत पाडलेत, आणि ती माणसं एकमेकांना तोंड दाखवल्याशिवाय हिशेब पुरा करू शकत नाहीत. दोन पंचांगांचा मेळ बसवताना पहाटेचे तीन वाजले.

द्युफूरबद्दल वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. माझ्या कामाच्या काळात दोन भावांच्या मध्ये उभं राहून खुणेचा दगड रोवताना अनेकदा वाटायचं, हे दोघं मी गेल्यावर काय करतील. एकदा तर दगड रोवून झाल्यावर थोरल्यानं त्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला, मी साखळी गुंडाळून निघेपर्यंत. नवखोऱ्याच्या कथेत आता एक मोजणीदार येतोय. कुंडवाडीत पाय ठेवतो तिथून गोष्ट सुरू होते. पहिलं प्रकरण भाचीला फोनवर वाचून दाखवलं. तिनं विचारलं, “मग त्या रात्री तो जेवला कोणाकडे?” मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही, पण तिनं असं काही विचारावं यानंच बरं वाटलं.

तेच विचारतो, ताई. दोन पंथांच्या माणसांनी एकत्र जेवल्याचा एखादा खरा प्रसंग तिकडे आहे का?

इचलकरंजीची_लेक:

आहे, काका, आणि तो हद्दीवरचाच आहे. १५२९ मध्ये कापेल इथे झुरिकचं सुधारक सैन्य आणि कॅथलिक कँटनांचं सैन्य समोरासमोर आलं. वर वाटाघाटी चालू होत्या, खाली शिपाई उपाशी होते. कॅथलिकांकडे दूध मुबलक, पाव नाही. झुरिकवाल्यांकडे पाव होता. मग दुधाचं मोठं भांडं नेमकं हद्दीवर ठेवलं, त्यात पाव कुस्करला आणि दोन्हीकडचे शिपाई आपापल्या बाजूला बसून त्यातून खाऊ लागले. दोनच वर्षांनी त्याच कापेलला पुन्हा लढाई झाली आणि झुरिकचा धर्मगुरू झ्विंग्ली तिथे मारला गेला, हेही तुम्हाला माहीत असू द्या.

पण त्या दिवशी ते जेवले. भांड्याच्या मधोमध हद्द धरलेली होती, आणि कुणाचा चमचा पलीकडच्या अर्ध्यात गेला की समोरचा त्यावर आपला चमचा मारून म्हणायचा, आपल्या जमिनीवरचं खा.